शमुवेलरावांची न वाचलेली पानं

माझी सगळी पापं आपल्याला माहीत आहेत, असा माझ्या बायकोचा समज आहे. भांडणात ती त्यांची उजळणीही करते. एक पाप मात्र तिच्या उजळणीत कधी आलेलं नाही, कारण ते मी तिला सांगितलेलं नाही. पाळकांनाही नाही. रंकाळ्यावर रोज सकाळी ज्याच्याबरोबर फिरतो, त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कारण शोभणारं नाही, पण दुसरं शोधायला गेलो तर ते खोटं निघेल.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पाप कुठल्या जातीचं ते कळेल.

शाहूपुरीतल्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल, पतसंस्थांच्या स्मरणिका, पुढाऱ्यांचे गौरवअंक. पहिल्या वर्षातच मला कळून चुकलं की फोटो छापला की माणूस आपोआप निष्ठावंत होतो. चौकातल्या फ्लेक्सवर तर कालपर्यंत कट्ट्यावर बसलेला पोरगाही कार्यसम्राट असतो. या सगळ्याला मी हसत आलो. हसण्याबद्दल माझं नाव आहे. लोक म्हणायचे, त्याचं तोंड फाटकं हाय, त्यो कुणाच्या बापाला भीत न्हाय. मला ते ऐकायला आवडायचं. खरं की खोटं, हे तपासायची कधी गरज वाटली नाही. दुसऱ्यांची प्रुफं तपासायचा पगार मिळत होता, स्वतःचं कोण तपासतो?

मी ख्रिस्ती आहे. तिसऱ्या पिढीचा — म्हणजे आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, वडिलांनी शास्त्र वाचलं आणि मी त्यातल्या छपाईच्या चुका काढल्या. रविवारी चर्चला जातो. देव आहे का? माहीत नाही. असला तर आमच्या मंडळीत त्याच्याविषयी ज्या भाषेत बोलतात ती त्याला सोसवत कशी, हे मला कळत नाही.

आमच्यात माणूस गेला की दफनाआधी चर्चमध्ये त्याचा जीवनवृत्तांत वाचतात. जन्म कुठला, नोकरी कुठं, मुलंबाळं किती, आणि या सगळ्यातून प्रभूनं त्याला कसं चालवलं — पान-दीड पान. पेटी समोर, फुलं वर, आणि माइकवर कुणीतरी कागद धरून. तो कागद लिहिणार कोण? घरच्यांना रडायचं असतं, पाळकांना उपदेशाची तयारी असते. मग छापखान्यातल्या भाऊंकडं चला. गेली पंचवीस वर्षं आमच्या मंडळीतला प्रत्येक मेलेला माणूस माझ्या हाताखालून गेला आहे.

पद्धत ठरलेली. बाई असेल तर प्रार्थनाशील आणि आदरातिथ्य करणारी. पुरुष असेल तर प्रार्थनाशील आणि मितभाषी. दारू प्यायचा? मनमिळाऊ. घरात हात उचलायचा? शिस्तप्रिय. भावाशी वीस वर्षं बोलत नव्हता? तत्त्वनिष्ठ. शेवटी सगळेच प्रभूच्या द्राक्षमळ्यातले विश्वासू कामकरी. घरच्यांनी तारखा आणून दिल्या की माझं तासाभरात होतं. नंतर लोक हात दाबून म्हणतात, "काय लिवलंय भाऊ, माणूस डोळ्यांपुढं हुबा केला!" उभा राहिलेला माणूस पेटीतला नव्हे, हे त्यांनाही ठाऊक असतं. पण पेटीतला कुणाला हवा असतो?

मी घरी येऊन बायकोपुढं त्यांची नक्कल करायचो. आणि पुढचा माणूस कधी मरतो याची वाटही बघायचो. दोन्ही एकाच वेळी. यात विचित्र असं मला काही वाटत नव्हतं.

अलीकडं तर जिवंत माणसांनाही सोडत नाहीत. एक पाहुणे वक्ते आले होते, कानाला माइक लावून फिरत बोलणारे. तुमचं आयुष्य ही देवानं लिहिलेली गोष्ट आहे, म्हणाले, आणि प्रत्येकाला एक छापील कागद दिला. त्यावर तीन चौकटी. अंधार, वळण, उजेड. आपापल्या आयुष्यानं भरा. माझ्या शेजारी दूध संघात नोकरी करणारा एक सज्जन माणूस बसला होता. त्याच्या अंधाराच्या चौकटीत घालायला काही मिळेना. घामाघूम झाला बिचारा. शेवटी त्यानं लिहिलं, गाडी जोरात चालवायचो. मी इतका हसलो की मागच्या बाकावरच्या बायकांनी डोळे वटारले. मी स्वतःचा कागद कोरा परत केला. मोठ्या दिमाखात.

आता शमुवेलराव.

चर्चच्या कारभारासाठी निवडून दिलेल्यांना आमच्यात 'वडील' म्हणतात. शमुवेलराव चाळीस वर्षं वडील होते. उंच, गोरे, आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी कुणाला कळायचं नाही. प्रार्थना इतकी लांब की चहावर साय धरायची. देवाला ते शहराच्या बातम्या सांगायचे. अमक्याचं ऑपरेशन झालं, तमक्याची बदली झाली, जणू देव सुट्टीवर होता. मला हा माणूस मनापासून आवडत नव्हता. हे सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते आवडत्या माणसाच्या बाबतीत झालं असतं तर त्याला निदान काही अर्थ असता.

त्यांच्या कीर्तीत मुख्य जागा होती राहेलआक्काच्या गोष्टीला. ती तुम्हाला मंडळी सांगते तशीच सांगतो.

राहेलआक्का शाळेत शिक्षिका होती, रविवारी लहान मुलांना शास्त्र शिकवायची. लग्न झालं नव्हतं. शमुवेलरावांच्या शेजारी राहायची, त्यांची बायको मार्थाबाई तिची मैत्रीण. तेहतीस वर्षांपूर्वी मंडळीतल्या एकानं या दोघींना अंबाबाईच्या देवळातून बाहेर पडताना पाहिलं — हातात ओटीचं ताट, ताटात खण. ख्रिस्ती बाई, आणि देवीची ओटी! आठ दिवसांत वडिलांची सभा बसली. शमुवेलरावांनी जड अंतःकरणानं सांगितलं — सगळे हेच शब्द वापरतात, जड अंतःकरणानं — की ओटी राहेलनं भरली, लग्न जमावं म्हणून नवस केला होता, आणि मार्था तिला अडवायला धावत गेली होती.

चाळिशीतली बिनलग्नाची बाई, दुसरा कशाचा नवस करणार? गोष्टीत चपखल बसलं. बसलं, म्हणून खरं ठरलं. राहेलआक्काला बोलावलं. ती मार्थाबाईकडं बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "मी कुणाकडं काय मागितलेलं न्हाय." मंडळीपुढं उभी राहून पश्चात्ताप कर, म्हणाले. नाही केला. तिच्याकडून रविवारचा वर्ग काढून घेतला, प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षरस बंद केला. पुढं पाळक बदलले, बंदी कुणी लक्षात ठेवली नाही, पण तिनं ठेवली. छोट्या पेल्यांचा ट्रे बाकाबाकावरून यायचा, तो ती स्वतः न घेता पुढच्याच्या हातात द्यायची. निवृत्त होऊन भाचीकडं कुरुंदवाडला जाईपर्यंत प्रत्येक वेळी.

मुलांच्या वर्गात नंतर कितीतरी वर्षं 'आपल्याच मंडळीतल्या एका ताईची' गोष्ट सांगत. अंधार होता, वळण होतं — वळणावर शमुवेलराव उभे होते. उजेड ती घेत नव्हती, एवढाच दोष. तिचं आयुष्य तिला न विचारता धडा झालं होतं. आणि मी? त्या वेळी मीही नवसाच्या नवऱ्यावर एक विनोद केला होता. चांगला होता. लोक बरेच दिवस सांगत होते.

मग तीन वर्षांपूर्वी एका दुपारी शमुवेलरावांचा निरोप आला. वय ऐंशीच्या पुढं, मार्थाबाई जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा विल्सन कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मोठ्या हुद्द्यावर. बंगल्यात त्या वेळी म्हातारा एकटाच होता. पलंगावर बसला होता, आवाज अर्ध्यावर आलेला.

"कागद घे," म्हणाले. "माझा वृत्तांत मी सांगतो, तू लिही. मी गेल्यावर ह्योच वाचायचा. तुझं ते द्राक्षमळा-फिळा नको."

मला गंमत वाटली. स्वतःची स्तुतीही दुसऱ्यावर सोपवेना म्हातारा, असं मनात म्हणालो. कागद घेतला. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर माझा हात थांबला.

ओटी मार्थाबाईनं भरली होती. विल्सन चार वर्षांचा होता, तापानं दवाखान्यात पडला होता, डॉक्टर काही बोलेनात. वॉर्डातल्या कुण्या बाईनं सांगितलं, अंबाबाईची ओटी भर. मार्थाबाई रात्रंदिवस जागून उभीसुद्धा राहू शकत नव्हती, म्हणून तिला धरायला राहेल गेली. देवळाच्या चौकात चपला सांभाळत बसली. परतताना मार्थाबाईला घेरी आली, तेव्हा ताट तिनं आपल्या हातात घेतलं. तेवढ्यात पाहणाऱ्यानं पाहिलं.

पोरगं बरं झालं. कुणामुळं, यात मी पडत नाही, औषधं चालू होतीच. पण ज्येष्ठ वडिलाची बायको देवळात? शमुवेलरावांचं पद जाणार होतं. सभेच्या आदल्या दिवशी मार्थाबाईनं राहेलपुढं हात जोडले, आणि राहेल गप्प बसली. शमुवेलरावांना ती दाजी म्हणायची; चार दिवसांत दाजी स्वतःच खरं काय ते सांगतील, असं तिला वाटलं. चार दिवसांची तीस वर्षं झाली.

त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं उतरवलं. ते असं होतं. 'ओटी माझ्या बायकोनं भरली. माझ्या पोरासाठी भरली. मी राहेलचं नाव घेतलं, कारण मला वडीलपद सोडवत नव्हतं. राहेलनं फक्त मार्थाचा हात धरला. माझ्याविषयी मंडळीनं जे चांगलं ऐकलंय, त्यातलं हे खोटं आहे, आणि हे खोटं असेल तर बाकीचं तपासून घ्या.'

तीन पानं झाली. मी म्हणालो, "शमुवेलराव, हे आत्ताच सांगा की. येत्या रविवारी. मेल्यावर कशाला?"

"धमक न्हाय," ते म्हणाले. सरळ. लाजले नाहीत, रडले नाहीत. "माझ्यात न्हाय, म्हणून तुला बोलीवलं. तुझ्यात हाय. तू कुणाला भीत न्हाईस."

तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी त्यांची किळस आली. कबुली द्यायची, ती स्वतः मेल्यावर, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून! केवढी सोय! मी मान हलवली, वाचीन म्हणालो, आणि मनातल्या मनात त्यांना भेकडांच्या यादीत सगळ्यात वर टाकलं.

मग त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. राहेलला लावून दे म्हणाले. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळं फोन मोठ्यानंच लावला, म्हणून दोन्हीकडचं मी ऐकलं.

"राहेल, माझ्या मातीला ये."

"कोण, दाजी? मातीला? आधी मरा तरी."

"मरतोय गं, लई दिवस न्हाईत आता. पण तू ये. तुज्याबद्दल सगळं खरं लिवून ठेवलंय. भाऊ वाचणार हाय. तुज्या कानानं ऐक."

तिकडं कुणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितल्याचा आवाज आला.

"आणि मी आधी गेले तर?"

"तर तुज्या मातीला मी येतो, आणि सोता सांगतो."

"तवा तरी धमक येईल व्हय?" ती म्हणाली. मग हसली. शप्पथ सांगतो, हसली. "बरं. येते म्या."

म्हणजे हे मला माहीत होतं. ती येणार, कशासाठी येणार, कुठला परिच्छेद ऐकायला येणार. पुढं जे सांगणार आहे ते ऐकताना एवढं विसरू नका, कारण मी ते विसरलो नव्हतो.

सात महिन्यांनी शमुवेलराव गेले. सकाळी विल्सनचा फोन आला. "काका, बिशपसाहेब येतायत, बाहेरगावचे पाळक येतायत. पप्पांचं जरा चांगलं लिवा." बस्स, एवढंच बोलला. त्याला त्या पानांची कल्पनाही नव्हती. माझ्यावर कुणी दबाव आणला नाही, कुणी धमकावलं नाही, कुणी विनवलं नाही. मला ढाल म्हणून पुढं करता येईल असा एकही माणूस या गोष्टीत नाही.

मी कपाटातून ती तीन पानं काढली. टेबलावर ठेवली. वाचली. आणि — काय वाटलं सांगू? वाटलं, भाषा कच्ची आहे. 'सोडवत नव्हतं' काय, 'तपासून घ्या' काय! बिशपसमोर हे वाचायचं? चौतीस वर्षांच्या मुद्रितशोधकाला मेलेल्या माणसाच्या कबुलीत शैली खटकली. मग वाटलं, हे वाचल्यावर मला पुन्हा कोण बोलावेल? कुठलं घर आपला मेलेला माणूस माझ्या हातात देईल? मंडळीत मी कोण होतो? साधा वडीलही नव्हतो. पण पेटीसमोर, माइकवर, सगळी मंडळी गप्प करून सोडणारा माणूस मी होतो. ज्या खुर्चीची मी आयुष्यभर टर उडवली, ती मला हवी होती. विल्सनची दया आली, मेलेल्या मार्थाबाईची अब्रू डोळ्यांपुढं आली, असं सांगता आलं असतं. नाही आली. मी लेखणी घेतली आणि नेहमीचं लिहायला बसलो.

इथपर्यंत असतं तर ती नुसती भ्याडगिरी झाली असती. तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित हे तुम्हाला सांगितलंही नसतं.

मी लिहीत होतो. 'त्यांनी चाळीस वर्षे मंडळीची सेवा केली, तरुणांना मार्ग दाखवला' — आणि वाक्य अडलं. दोन पायांवर उभं राहीना. वाचून बघा, लंगडतं. अशा जागी तिसरं काहीतरी लागतं, जरा लांब, जरा उतरतं, म्हणजे ऐकणाऱ्याचा श्वास बरोबर बसतो. मी शोधलं. फार शोधावं लागलं नाही. लिहिलं — 'आणि भरकटलेल्या मेंढराला कळपात परत आणले.'

कुठलं मेंढरू, हे आमच्या मंडळीत पाळण्यातल्या पोराला माहीत होतं. खरी तीन पानं माझ्या कोपराखाली होती. त्यांच्यावर कागद ठेवूनच मी हे लिहिलं. वाक्य मोठ्यानं वाचून बघितलं. छान झालं होतं.

चर्च भरलं होतं. बिशप आपल्या झग्यात, विल्सन काळ्या चष्म्यात, कंपनीतून आलेली पुष्पचक्रं पेटीवर जागा नाही म्हणून भिंतीला टेकवलेली. मी माइककडं गेलो तेव्हा राहेलआक्का दिसली. तिसऱ्या बाकावर, कडेला. पांढरं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. कुरुंदवाडहून एसटीनं आली होती. वय पंचाहत्तरीला टेकलेलं. ती त्या बाकावर बसायची नाही कधी, ती शेवटच्या बाकावर बसायची. त्या दिवशी तिसऱ्यावर बसली होती, नीट ऐकू यावं म्हणून. आणि माझ्याकडं बघत होती. कसं? एखाद्यानं आपल्यासाठी लांबून काही आणलेलं असावं, तसं.

मी वाचलं. जन्म, शिक्षण, नोकरी. ती प्रत्येक वाक्याला बारीक मान हलवत होती — हं, हं, पुढं. पुढचं वाक्य आपलं असेल म्हणून. तोंडी वगळता आलं असतं की! कागदावर असलेलं सगळं वाचलंच पाहिजे, असं कुठं आहे? तो तुकडा जवळ आला. मी त्याच्याआधी थांबलो. चांगलं वाचणारा थांबतो, त्यानं वाक्याला वजन येतं. आणि मग मी ते वाचलं, मेंढरासकट.

तिची मान हलायची थांबली. बाकी काहीच झालं नाही. दोन-चार जणांनी वळून तिच्याकडं बघितलं, बिशपनी समाधानानं डोळे मिटले. मी शेवटपर्यंत वाचलं. ती शेवटपर्यंत माझ्याकडं बघत होती — मला वाटतं, अजून एखादं पान निघेल म्हणून.

शास्त्र लिहिणाऱ्यांविषयी माझ्या मनात एक आदर आहे. विश्वासाविषयी नसेल, पण त्यांच्या कारागिरीविषयी आहे. त्यांनी राजांची पापं राजांच्या नावानिशी ठेवली. गुरूला नाकारणाऱ्या शिष्याचं नाकारणंही ठेवलं, गाळलं नाही. माझ्याकडं आलं असतं तर मी त्या शिष्याला मितभाषी केलं असतं. आयुष्य ही देवानं लिहिलेली गोष्ट असेल, नसेल — मला कळत नाही. पण एका माणसानं मरताना आपली गोष्ट पहिल्यांदा खरी सांगितली होती, आणि ती दुरुस्त करून मी परत खोटी केली. एवढं काम देवानं केलेलं नाही. ते माझं आहे.

दफन झालं. सगळ्यांनी मूठ-मूठ माती टाकली. तिनंही टाकली. लोक पांगले, मी दफनभूमीच्या फाटकाशी आलो तर ती तिथं पिशवी घेऊन उभी. लोकांना मी हात दाबू देत होतो — "काय लिवलंय भाऊ!" — ती गर्दी सरेपर्यंत थांबली. मग जवळ आली.

"भाऊ," म्हणाली, "एवढंच सांगितलंतं त्यांनी?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बहुतेक सांगून टाकलं असतं — बघा, पुन्हा बढाई. नसतं सांगितलं. तीन पानं माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. ती मी का आणली होती? ऐनवेळी मन बदललं तर, असं स्वतःला सांगून. हात वर केला असता तर बोटांना लागली असती.

"व्हय आक्का," मी म्हणालो. "एवढंच."

"दुसरं काय न्हवतं लिवलेलं? माझ्याशी फोनवर बोललेते."

"शेवटी शेवटी त्यांना भान नव्हतं," मी म्हणालो. हे तर मला कुणी विचारलंही नव्हतं. "बोलले असतील. पण सांगताना जे सांगितलं ते हेच."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? मी कुणाला भीत नाही, हे तिनंही ऐकलेलं होतं.

"म्हंजे मेल्यावर बी न्हाय जमलं त्यांना," ती म्हणाली.

यावर मी काय केलं असेल? गप्प तरी बसायचं. मी म्हणालो, "माणसं तशीच असतात, आक्का." वर सुस्कारा टाकला. शमुवेलराव पन्नास पावलांवर ओल्या मातीखाली होते आणि मी त्यांच्या नावानं सुस्कारे टाकत होतो.

"तुझं वाचणं चांगलं झालं पर," ती म्हणाली. "तुझा काय दोष? सांगितलं ते वाचलंस." मग रिक्षाला हात केला, पिशवी आत टाकली आणि स्टँडकडं गेली.

ज्याला मी भेकडांच्या यादीत सगळ्यात वर टाकलं होतं, त्या म्हाताऱ्यानं मरताना का होईना एक खरं काम केलं होतं. तेवढं एकच. तेही मी त्याच्या नावावर राहू दिलं नाही. तिच्या लेखी शमुवेलराव तिच्याविषयी दोनदा खोटं बोलले. दुसऱ्यांदा ते नव्हते, मी होतो.

त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. मधल्या काळात मी अकरा वृत्तांत लिहिले. सगळे प्रार्थनाशील. लोक अजून हात दाबतात. वक्त्यानं दिलेला तो चौकटींचा कागद आज समोर आला तर मला पहिली चौकट भरायला वेळ लागणार नाही. उरलेल्या दोन मी कशानं भरणार?

नाताळात तिच्या भाचीकडून निरोप आला होता. आक्का बरी आहे, गुडघे दुखतात, भाऊंना सलाम सांगितलाय. माझ्या येळंला कुणी काय वाचायचं न्हाय, नुसतं गाणं म्हणा, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणे.

राहेलआक्का जिवंत आहे. कान शाबूत आहेत. शमुवेलरावांची पानं माझ्या कपाटात आहेत, अक्षर माझंच आहे, वाचायला अडचण काही नाही. कुरुंदवाडची एसटी स्टँडवरून दिवसभर सुटत असते. मी अजून एकदाही बसलेलो नाही. तिला सांगायचं ते आज तुम्हाला सांगितलं.